पूर्वीचे गुन्हे : निरंक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भरधाव गाडीने कुणाचा तरी जीव घेतल्याची बातमी येते, दुसऱ्या दिवशी तो चालक याआधीही अनेकदा पकडला गेला होता असे छापून येते आणि मग आठवडाभर सगळीकडून एकच मागणी ऐकू येते, की कायदा कडक करा. ही मागणी करणाऱ्यांचा संताप खोटा नाही. परंतु तालुक्याच्या एका न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ लिपिकाचे काम केल्यामुळे, आणि त्यातली बरीच वर्षे मोटार केसेसचे टेबल सांभाळल्यामुळे, या मागणीत एक महत्त्वाची गोष्ट, म्हणजे चालकाच्या आधीच्या गुन्ह्यांची नोंद, सुटते असे मला वाटते. ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

कायदा कडक झालाच नाही, असे म्हणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाचे नवे आकडे लागू झाले. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत असलेला दंड दहा हजारांवर गेला. तोच गुन्हा पुन्हा केल्यास पंधरा हजारांचा दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. लायसन्स नसताना गाडी चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर नेला गेला आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड ठरला. आपल्या राज्यात मात्र विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याने हे दंड लांबणीवर पडले आणि ते लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडले. कायदा येण्याआधी, म्हणजे २०१८ साली, देशातील रस्त्यांवर सुमारे दीड लाख माणसे मेली होती. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. मधल्या काळात वाहनेही वाढली, रस्तेही रुंद झाले, त्यामुळे या आकड्यांवरून कायदा निरुपयोगी ठरला असा निष्कर्ष मी काढणार नाही. दंड वाढवल्याने मृत्यू आपोआप कमी होत नाहीत, एवढे मात्र त्यावरून दिसते.

मृत्यू घडल्यानंतरच्या शिक्षेचेही तसेच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला, कमाल शिक्षा अवघी दोन वर्षांची होती आणि ती अपुरी असल्याने तिचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे एक उपकलमही त्याच संहितेत आहे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि बाकीची संहिता अमलात आली तेव्हा तेवढे उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

आता टेबलावरची गोष्ट सांगतो. आमच्या भागात वडाप हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. नऊ माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसे, दोघे मागच्या पायरीवर लोंबकळत, आणि चालक स्वतः अर्धा दाराबाहेर, अशी ती वाहतूक. अशाच एका वडापवाल्याला मी सुमारे दीड वर्षात न्यायालयात तीनदा तरी पाहिले. तिन्ही वेळा आरोप जवळजवळ तोच होता : आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवले. सकाळी अकराला समरी केसेसचा, म्हणजे झटपट निकाली निघणाऱ्या किरकोळ खटल्यांचा, पुकारा होई, पंधरा-वीस चालक एका रांगेत उभे राहत, साहेब विचारत, ‘‘गुन्हा कबूल आहे का?’’ आणि तो मान हलवून ‘‘कबूल आहे’’ म्हणे. दंडाची रक्कम तो सुट्या पैशांत मोजून खिशात घेऊनच आलेला असे. तिसऱ्या खेपेला पावती फाडताना मी त्याला विचारले, की बाबा रे, तुला याचे काहीच कसे वाटत नाही? त्यावर तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, जीपचा हप्ता बँकेत भरतो, तसा ह्यो हतं भरायचा.’’ त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो हिशेब सांगत होता, आणि त्याचा हिशेब बरोबर होता.

पुढे त्याच्याच जीपला घाटाच्या वळणावर अपघात झाला आणि बाजाराला निघालेली एक बाई दगावली. ३०४ अ खाली दोषारोपपत्र आमच्याच न्यायालयात दाखल झाले. दोषारोपपत्राच्या छापील नमुन्यात आरोपीच्या माहितीत पूर्वीच्या शिक्षांचा एक रकाना असतो. त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते : निरंक. त्याच्या तिन्ही दोषसिद्धींची नोंद त्याच इमारतीत, माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटातल्या रजिस्टरमध्ये होती. तपासी अंमलदाराने ती मागितली नाही, सरकारी वकिलांकडे ती पोहोचली नाही आणि माझ्याही लक्षात ती आली नाही. खटल्यात गावातलेच प्रवासी साक्षीदार होते. जीप जोरात होती एवढे त्यांनी सांगितले, किती जोरात ते त्यांना सांगता आले नाही, आणि आरोपी निर्दोष सुटला. निकालानंतर काही महिन्यांनी कागदपत्रे रेकॉर्ड रूमला पाठवण्यासाठी बांधत असताना मला ते नाव ओळखीचे वाटले आणि मी रजिस्टर उघडून पाहिले. ती चूक जितकी इतरांची, तितकी माझीही होती, हे येथे कबूल करतो.

पूर्वीच्या दोषसिद्धींमुळे तो खटला जिंकला गेला असता, असे माझे म्हणणे नाही. आधी गुन्हा केला म्हणून आताचाही केला, असे कुठलेही न्यायालय मानत नाही आणि मानूही नये. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम २१ असे सांगते, की धोकादायक वाहन चालवल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर तशाच चालवण्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंद झाला, तर नोंद झाल्याच्या दिवसापासून सहा महिने त्याचे लायसन्स निलंबित होते. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. हा वडापवाला मात्र जामीन मिळताच त्याच आठवड्यात पुन्हा स्टँडसमोर माणसे भरत होता. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ही कलम १८४ मधली तरतूदही कायदा आल्यापासून आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला ती त्याला लागू होती. पण वाढीव शिक्षा द्यायची असेल, तर आधीची शिक्षा कधी आणि कुठल्या न्यायालयात झाली हे फिर्यादी पक्षाने समोर ठेवावे लागते, आणि ते कुणी ठेवलेच नाही. त्यामुळे कागदावर तो तिन्ही वेळा नवखा गुन्हेगार राहिला.

एकूण पाहता कायद्याने ‘पुन्हा’ या शब्दाला केव्हाच वजन दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर एक पळवाटही बुजवली. जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हा पूर्वी बहुतेकांच्या लेखी संपून जात असे. आता कलम २०० मध्ये असे स्पष्ट लिहिले आहे, की तडजोडीने मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून मोजला जाईल. वाचायला हे उत्तम आहे, परंतु मोजणार कोण आणि कुठल्या वहीत? मी नोकरीला लागलो तेव्हा लायसन्स हे छोटे पुस्तक असायचे आणि त्यात न्यायालयाने शेरा मारण्यासाठी जागा असायची. काही जुने न्यायाधीश शिक्षा सुनावल्यावर लायसन्स मागून घेत आणि त्यावर लाल शाईने शेरा लिहायला लावत. चालक दंडाला भीत नसत, पण त्या शेऱ्यासाठी हातापाया पडत, कारण पुढचा मालक कामावर ठेवताना पहिल्यांदा ती पाने उलटून पाहायचा. शेरा मारण्याची तरतूद कायद्याच्या कलम २४ मध्ये अजूनही आहे. लायसन्स मात्र आता प्लास्टिकचे कार्ड झाले आहे आणि त्यावर पेनाने काही लिहिता येत नाही.

संगणक आल्यावर हे काम सोपे व्हायला हवे होते. लायसन्सची सगळी माहिती ‘सारथी’वर आहे, वाहनांची ‘वाहन’वर आहे, आणि राज्यभर ई-चलन आहे. पण कॅमेऱ्याला दिसते ती नंबरप्लेट. चलन फाडले जाते ते वाहनाच्या नावाने आणि संदेश जातो तो मालकाच्या मोबाइलवर. त्या क्षणी चाकामागे मालक होता, त्याचा मुलगा होता की पगारी चालक होता, हे कुणी विचारत नाही. परिणामी एखाद्या गाडीवर चाळीस चलने साचलेली दिसतात, पण चाळीस वेळा सिग्नल तोडणारा माणूस कुठल्याही नोंदीत दिसत नाही. गाडी विकताना किंवा वर्ग करताना ती रक्कम आठवते, किंवा लोकअदालतीची नोटीस आली की तडजोडीने भरून टाकली जाते. राज्यातील थकीत ई-चलनांची रक्कम दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे आपल्याच वृत्तपत्रांतून आपण वाचले आहे. या थकबाकीकडे शासन महसूल बुडाला म्हणून पाहते. माझ्या मते त्याहून अधिक बुडाली आहे ती माहिती.

यावर काही उपाय नाही असेही नाही. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मागच्या दिवाळीत तो आला, तेव्हा विमानतळावरून गाडी मीच चालवत आणावी असा त्याचा आग्रह होता. इकडची रहदारी पाहून तो घाबरला असेल असे मला वाटले. नंतर बोलण्यात आले, की तिकडे त्याच्या लायसन्सवर नऊ पॉइंट झाले आहेत आणि गाडी चालवण्याची त्याने एकूणच धास्ती घेतली आहे. तेथे वेगमर्यादा ओलांडली की किमान तीन पॉइंट, गाडी चालवताना मोबाइल हातात धरला की सहा, आणि तीन वर्षांत बारा झाले की सर्वसाधारणपणे किमान सहा महिने लायसन्स बंद. विम्याचा हप्ताही त्याबरोबर चढतो. कॅमेऱ्याने गाडी टिपली, तर मालकाला पत्र येते आणि त्या वेळी चालवणारा कोण होता हे त्याने २८ दिवसांत कळवायचे असते. न कळवल्यास तो वेगळा गुन्हा होतो आणि त्याचेही सहा पॉइंट मालकाच्या माथी बसतात. त्याने भरलेला दंड आपल्या रुपयांत फार मोठा नव्हता, आणि त्याबद्दल तो फारसे बोललाही नाही. जो काही धसका होता तो उरलेल्या तीन पॉइंटांचा होता.

हे वाचून कुणी म्हणेल, की ते तिकडचे झाले. पण मालकाला चालकाचे नाव सांगायला लावण्याचा अधिकार आपल्याही कायद्याच्या कलम १३३ मध्ये आहेच. पॉइंटांची पद्धत २०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात होती, तो मसुदा पुढे सरकला नाही. शेजारच्या तेलंगणाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बारा पॉइंटांची पद्धत सुरूही केली. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांना कळवले होते, की अतिवेग, मद्यपान, सिग्नल तोडणे आणि चालवताना मोबाइलवर बोलणे यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावे. ही पत्रे सगळ्या कार्यालयांत पोहोचलेली आहेत. वर्षअखेरीस किंवा रस्ता सुरक्षा सप्ताहात निलंबनाचे आकडे प्रसिद्ध होतात, फोटो निघतात. निलंबित लायसन्स बाळगून गाडी चालवणारा नंतर नाक्यावर सापडला का, हे मात्र कधी वाचनात येत नाही.

दंड वाढवण्याच्या मागणीची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, कारण रस्त्यावर ती सगळ्यांना माहीत असते आणि लिहिताना सगळे ती टाळतात. पाचशेच्या दंडाला चिरीमिरी पन्नासची होती. दंड दहा हजार झाला, की तोडपाणीचा आकडाही त्याच पटीत वाढतो, आणि पकडणारा व पकडलेला या दोघांनाही पावती न फाडण्यात रस निर्माण होतो. सगळे पोलीस असे करतात असे मी म्हणत नाही. भर उन्हात चौकात दहा तास उभे राहणारे प्रामाणिक हवालदार मी पाहिले आहेत. पण पावती फाटली नाही, की त्या गुन्ह्याची कुठेच नोंद उरत नाही, आणि पुढच्या खेपेला तो चालक पुन्हा पहिलटकर ठरतो. उलट मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये मद्यपी चालकांविरुद्ध सातत्याने नाकाबंदी सुरू केली, तेव्हा कायदा जुनाच होता आणि दंडही दोन हजारांचाच होता. फरक एवढाच होता, की श्वासाची चाचणी रोजची झाली आणि काही जणांना एक-दोन दिवस का होईना खरोखर कोठडीत काढावे लागले. पार्टीला जाताना ‘गाडी कोण चालवणार’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला, तो त्यानंतर.

कल्याणीनगरच्या घटनेचा उल्लेख कुणी तरी करीलच, म्हणून थोडक्यात लिहितो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, तेव्हा चालक सतरा वर्षांचा होता, गाडीची नोंदणी पूर्ण झालेली नव्हती आणि पालकाला जबाबदार धरणारे कलम पाच वर्षांपूर्वीच कायद्यात आलेले होते. लोकांच्या लक्षात राहिला तो जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध. मला त्याहून गंभीर वाटली ती रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना झालेली अटक. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही. परंतु शिक्षा कितीही वर्षांची असो, प्रयोगशाळेत जाणारी बाटली खरी नसेल तर ती वर्षे मोजण्याची वेळच येत नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेली सात माणसे चिरडली गेली. त्या चालकाला आधी सहा महिने, मग उच्च न्यायालयात सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षे अशी शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला जानेवारी २०१२ उजाडले. ज्याला धाक बसायचा, तो पाच-पाच वर्षांनंतरच्या बातमीने बसत नाही.

लायसन्सवर गदा येणे म्हणजे पगारी चालकाच्या पोटावर पाय, हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. मालक सोळा तास गाडी पळवायला लावतो, माल वेळेत पोहोचला नाही तर भाडे कापतो, आणि चलन आले की ते चालकाच्या पगारातून वळते करतो. कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांपुरते ठरवले आहे, हे महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर सांगून पाहावे, लोक हसतील. म्हणून नोंद व्यक्तीची व्हावी, तशी ती मालकाचीही व्हावी. एकाच मालकाचे पाच चालक वर्षभरात पुन्हा पुन्हा त्याच कलमाखाली येत असतील, तर त्याच्या परवान्याचा विचार व्हायला हवा. ती वही असती, तर आमचा वडापवालाही कदाचित दुसऱ्याच खेपेला तीन महिने घरी बसला असता. त्यात त्याचे नुकसान झाले असते खरे, पण ती बाई बाजार करून घरी परतली असती.

हे सगळे मनात घोळत असल्याने काही महिन्यांपूर्वी मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला. प्रश्न एकच होता : मागील तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात कलम १८४ (धोकादायक चालवणे) आणि १८५ (दारू पिऊन चालवणे) खाली किती चालकांवर ‘दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा’ म्हणून कारवाई झाली? मुदत संपायच्या दोन दिवस आधी उत्तर आले, की मागितलेली माहिती या स्वरूपात संकलित केली जात नाही. मी प्रथम अपील केले आहे. त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. अधिवेशनात कडक कायद्याची मागणी करणाऱ्या आपल्या आमदारांपैकी कुणी हाच प्रश्न तारांकित म्हणून राज्यापुरता विचारला, तर मला अपिलाच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत आणि उत्तरही सभागृहाच्या पटलावर येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
सातारा जिल्हा